घरची थंड हवा आणि आपले हात



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत सगळ्या विषयांचा ऊहापोह होत आला आहे. अशा ठिकाणी आम्ही घरातल्या थंड हवेच्या यंत्राची निगा हा विषय घेणार असे कळविले, तेव्हा चालकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. कामगार चळवळीतला मनुष्य बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर आम्ही वर्षभर बोलतच असतो. परंतु एप्रिल-मे महिन्यांत ज्या यंत्रावाचून आता मध्यमवर्गीय घराचे भागत नाही, ज्याच्या विजेचे बिल पाहून घरधनी हबकतो, आणि ज्याच्या दुरुस्तीसाठी एखादा वीस-बावीस वर्षांचा मुलगा चौदाव्या मजल्यावरच्या छज्जावर उभा राहतो, त्या यंत्राविषयी आपल्यातल्या शहाण्यासुरत्या माणसांनाही काही ठाऊक नसते, हे आम्ही फार वेळा पाहिले आहे. म्हणून हा विषय.

आरंभीच एक गोष्ट सांगतो. ती ऐकून पुष्कळांना नवल वाटते. माणसाच्या अंगाला गारवा मिळावा म्हणून हे यंत्र निघालेच नाही. ते निघाले कागदासाठी आणि सुतासाठी. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात एक रंगीत छपाईचा कारखाना होता. उन्हाळ्यातल्या दमट हवेने तेथला कागद फुगे, आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नसे. ही अडचण सोडविण्यासाठी १९०२ साली विलिस कॅरिअर या पंचविशीतल्या इंजिनिअरने हवेतला ओलावा काबूत ठेवणारी योजना आखली. पुढे १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर या कापड गिरण्यांच्या इंजिनिअरने, सूत तुटू नये म्हणून गिरणीतल्या हवेत ओलावा राखण्याच्या कामाला 'एअर कंडिशनिंग' हे नाव दिले. म्हणजे तो शब्दच मुळी गिरणीतला आहे.

सूत कोरड्या हवेत तुटते आणि दमट हवेत टिकते, हे साचेखात्यात काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असे. लँकेशायरमध्ये विणकरांच्या खात्यात वाफ सोडीत. सूत सुखी आणि माणूस घामाने निथळलेला, असा तो प्रकार होता. विणकरांनी त्याविरुद्ध आरडाओरड केली, तेव्हा १८८९ साली ब्रिटिश पार्लमेंटला कायदा करून त्या वाफेवर मर्यादा घालावी लागली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात कृत्रिम ओलाव्यासाठी स्वतंत्र कलम होते, पंधरावे. हवेत फवारण्याचे पाणी सार्वजनिक पुरवठ्याचे किंवा पिण्यास योग्य अशा दुसऱ्या ठिकाणचे असावे, नाही तर आधी नीट शुद्ध करून घ्यावे, असे ते सांगत असे. ते कलम वाचूनच आम्हांला या यंत्राची गोडी लागली. हवा ही फुकट मिळणारी वस्तू असली तरी ती कोणासाठी आणि कशी ठेवायची, हे कोणीतरी ठरवीत असतो. आणि ज्याला यंत्र कळते तो ठरविणाऱ्याला प्रश्न विचारू शकतो.

आता यंत्राकडे वळू. पुष्कळांची समजूत अशी की हे यंत्र 'थंडी तयार करते'. तसे नाही. विहिरीवरचा पंप पाणी तयार करीत नाही, खालचे पाणी वर आणतो. तसे हे यंत्र घरातली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. ती उचलते कशी? आपल्या घरचा माठ आठवा. माठ पाझरतो, बाहेरच्या अंगाला आलेले पाणी वाफ होऊन उडते, आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. यंत्रातल्या बंद नळीतही एक द्रव असाच वाफ होतो. ज्या तांब्याच्या वेटोळ्यात तो वाफ होतो ते वेटोळे, म्हणजे कॉइल, गार पडते, आणि पंखा घरातली हवा त्यावरून फिरवितो. माठातले पाणी उडून जाते ते गेलेच. येथे मात्र ती वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो, दाबतो आणि बाहेरच्या कॉइलमध्ये ढकलतो. तेथे तिची उष्णता बाहेरच्या हवेला मिळते, वाफेचा पुन्हा द्रव होतो, आणि तो परत आत येतो. रहाटगाडग्यासारखा हा फेरा चालू राहतो.

'दीड टनाचे यंत्र' म्हणतात तेव्हा ते यंत्राचे वजन नव्हे. पूर्वी बर्फाच्या लाद्यांनी गारवा करीत, तेव्हाचे हे माप आहे. दोन हजार पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता त्याच वेळात बाहेर टाकणारे यंत्र एक टनाचे.

या वर्णनात एक शब्द आम्ही मुद्दाम वापरला : 'बंद नळी'. त्या नळीतला गॅस मोटारीतल्या पेट्रोलसारखा जळत नाही, खर्च होत नाही, जुनाही होत नाही. नळी शाबूत असेल तर यंत्र भंगारात जाईपर्यंत तोच गॅस पुरतो. तेव्हा 'साहेब, गॅस कमी झालाय, दर उन्हाळ्याला भरावाच लागतो' असे कोणी सांगितले तर समजावे की, एक तर नळी कोठे तरी गळते आहे आणि ती शोधण्याची कोणाची इच्छा नाही, किंवा गॅस मुळीच कमी झालेला नाही. भरण्याचे पैसे घेणे सोपे, गळती शोधणे कष्टाचे. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी लागोपाठ चार उन्हाळे असे पैसे मोजले. पाचव्या वर्षी एका जाणत्या कारागिराने साबणाचा फेस लावून पाहिले, तेव्हा एका जोडावरचा नट सैल निघाला.

आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली अमेरिकेत आहेत आणि उन्हाळ्यात आपण चार-सहा महिने त्यांच्याकडे जाऊन राहतो. तेथे खोलीखोलीत भिंतीवर यंत्र दिसत नाही. साऱ्या घराला मिळून एकच मध्यवर्ती यंत्रणा असते. त्या देशातली सुमारे दोन-तृतीयांश घरे अशी आहेत. अंगणात सिमेंटच्या चौथऱ्यावर बाहेरचे यंत्र, तळघरात किंवा माळ्यावर मोठा पंखा आणि गार कॉइल, आणि तेथून छतातून-भिंतींतून गेलेले पत्र्याचे हवेचे मार्ग, ज्यांना डक्ट म्हणतात. तिकडे कारागिराची मजुरी भारी, म्हणून डॉक्टर असो की प्राध्यापक, साधी निगा घरधनी स्वतः राखतो. आपल्याकडेही नव्या मोठ्या इमारतींत अशा यंत्रणा येऊ लागल्या आहेत. म्हणून तिची निगा जरा तपशिलाने सांगतो. भिंतीवरच्या यंत्राला यातले बहुतेक सारे लागू पडते.

पहिले काम फिल्टरचे, आणि निम्मी निगा त्यातच आली. घरातली हवा जेथून परत यंत्राकडे ओढली जाते तेथे जाळीमागे पुठ्ठ्याच्या चौकटीतला फिल्टर असतो. त्याच्या कडेवर माप छापलेले असते आणि एक बाण असतो. बाणाचे टोक पंख्याच्या दिशेला असावे. महिन्याने काढून पाहावा. धुळीने राखाडी झाला असेल तर नवा घालावा. फार तर तीन महिने चालवावा. हौसेने अतिशय बारीक विणीचा महाग फिल्टर घालण्यात शहाणपण नाही, कारण जुन्या पंख्याला त्यातून हवा ओढवत नाही. आपल्या भिंतीवरच्या यंत्रात पुढचे झाकण उचलले की प्लास्टिकची जाळी मिळते. ती दर पंधरा दिवसांनी नळाखाली गार पाण्याने धुवावी आणि सावलीत वाळवावी. गरम पाण्याने ती वाकडी होते.

फिल्टर तुंबला तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, म्हणून कॉइलला उष्णता मिळत नाही. ती शून्याच्या खाली जाते, आणि हवेतला ओलावा तिच्यावर बर्फ होऊन बसतो. बर्फामुळे हवा आणखी कमी जाते. यंत्र तर धडधडत असते, पण घर गार होत नाही, आणि घरधनी तापमान आणखी खाली उतरवितो. अशा वेळी गारवा बंद करावा, नुसता पंखा चालू ठेवावा आणि बर्फ आपोआप वितळू द्यावा. सुरीने किंवा पेचकसाने बर्फ खरवडू नये. नळीला भोक पडले की शंभर-दोनशेचे काम कित्येक हजारांवर जाते. फिल्टर स्वच्छ असूनही पुन्हा बर्फ धरला, तर मात्र गॅस गळत असण्याचा संभव आहे आणि कारागिराला बोलावणे भाग आहे.

दुसरे काम पाण्याच्या वाटेचे. गार तांब्याला बाहेरून जसे थेंब येतात तसे कॉइलला येतात. कोकणपट्टीतल्या दमट दिवसांत दीड टनाचे यंत्र तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज काढते. ते ज्या नळीने जाते तिच्यात शेवाळ धरते. अमेरिकेतल्या घरांत हंगामात महिन्यातून एकदा त्या नळीत कपभर व्हिनेगर ओततात. मुख्य नळी तुंबली तर म्हणून पुष्कळ घरांत दुसरी नळी असते, आणि तिचे तोंड मुद्दाम खिडकीच्या वर, डोळ्यांना दिसेल असे काढलेले असते. तेथून थेंब पडू लागले की ती धोक्याची घंटा समजावी. मुलाकडे गेल्यावर एवढे पाहून ठेवा. माळ्यावरचे पाणी छत फोडून दिवाणखान्यात उतरेपर्यंत वाट पाहू नका. आपल्याकडे भिंतीवरच्या यंत्रातून पाणी ठिबकू लागले की लोक लगेच 'गॅस गेला' म्हणतात. बहुतेक वेळा नळी तुंबलेली असते, तिला उतार नसतो, किंवा तिचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेले असते. टोक पाण्याच्या वर उचला, पाणी वाहू लागते.

तिसरे काम बाहेरच्या यंत्राचे. उष्णता बाहेर टाकायची तर त्याला श्वास घ्यायला जागा हवी. अंगणातल्या यंत्राभोवती दोन फूट मोकळे ठेवावे, वेल चढू देऊ नये. वर्षातून एकदा, वीज तोडून, ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांवर बागेच्या नळीने साधे पाणी मारावे; झाकण काढता येत असेल तर आतून बाहेरच्या दिशेला. जोराच्या दाबाने पाती मुडपतात.

डक्टविषयी एक गंमत सांगतो. या मार्गांचे सांधे सुटलेले असले की गार हवा माळ्यावर गळते. सामान्य अमेरिकन घरात वीस ते तीस टक्के हवा अशी वाया जाते, असे तिथल्या सरकारी ऊर्जा योजनेचे सांगणे आहे. सांधे बंद करायला लोक 'डक्ट टेप' नावाची कापडी पट्टी आणतात. १९९८ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने तऱ्हेतऱ्हेच्या पट्ट्या तापवून-निववून पाहिल्या. सांधे राखण्यात सगळ्यांत नापास झाली ती हीच, डक्टच्या नावाची पट्टी! तेथे लांबीसारखा लेप लावतात तो टिकतो.

तापमानाबद्दल फार बोलत नाही. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडच्या नव्या यंत्रांना सुरू होताना २४ अंशांवर येण्याचा नियम आहे. आकडा एक अंशाने वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्यूरोचा हिशेब आहे. नागपूर-अकोल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचा पडदा आणि कूलर अजूनही निम्म्याहून अधिक दिवस काम भागवितात. मुंबईत तो उपाय चालत नाही, कारण हवेत आधीच पाणी भरलेले.

येथवर जे सांगितले ते घरातल्या कोणीही करावे. याच्या पुढे मात्र आम्ही रेघ ओढतो, आणि ती रेघ कामगार म्हणून ओढतो. गिरणीत यंत्रावर हात घालण्यापूर्वी जुने जाणते लोक फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवीत. बटण बंद केले एवढ्यावर त्यांचा विश्वास नसे, कारण बटण दुसरा कोणी दाबू शकतो. घरीही झाकण उघडायचे तर आधी मुख्य बटण पाडा आणि घरच्यांना सांगून ठेवा. एवढे करूनही बाहेरच्या यंत्रातला कपॅसिटर नावाचा डबा वीज साठवून ठेवतो, आणि वीज तोडल्यानंतरही जोराचा झटका देतो. बाहेरचा पंखा नुसता गुणगुणतो आणि फिरत नाही, किंवा त्या डब्याचे डोके फुगलेले दिसते, तर रोग कोठे आहे हे ओळखा. पण औषध जाणत्याकडून घ्या.

गॅसला तर हात लावूच नये. १९८७ च्या माँट्रिअल करारापासून जगाने ओझोनचा थर खाणारे वायू मागे घेण्यास सुरुवात केली, आणि २०१६ च्या किगाली दुरुस्तीने पृथ्वी तापविणाऱ्या नव्या वायूंवरही बंधने आली. आता जे आर-३२ आणि आर-२९० हे वायू घरात येत आहेत त्यांतला पहिला थोडाफार पेट घेणारा आहे, दुसरा म्हणजे चक्क प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. अमेरिकेत १९९२ पासून ओझोनचा थर खाणारे वायू जाणूनबुजून हवेत सोडणे गुन्हा आहे, आणि प्रमाणपत्राशिवाय कोणालाही ते काम करता येत नाही. आपल्याकडे आयटीआयमध्ये या धंद्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. दोन वर्षे जे शिकावे लागते ते दहा मिनिटांची चित्रफीत पाहून येत नाही.

आता आम्हांला नेहमी विचारला जाणारा प्रश्न. 'तुम्ही कामगारांचे पुढारी, आणि लोकांना सांगता की कारागिराला बोलावू नका, स्वतः करा! गरिबाच्या पोटावर पाय नाही का हा?' प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्या मुलाचा दिवस कसा जातो हे पाहिल्यावाचून देता येत नाही. यातल्या बहुतेक मुलांना पगार नाही, खेपेमागे पैसे. मार्च ते जून जीव तोडून काम, पावसाळ्यात हात रिकामे. अवजारे त्याची, दुचाकी त्याची, पेट्रोल त्याचे. फोनवर खेपा येतात, आणि गिऱ्हाइकाने तारे कमी दिले तर उद्याच्या खेपा घटतात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगाराचे नाव कायद्यात पहिल्यांदा आले, हे खरे. पण नाव येणे आणि पदरात काही पडणे यांत किती अंतर असते, हे आम्ही आयुष्यभर पाहत आलो आहोत. अशा घाईत वीस मिनिटांत जाळी धुऊन, पाणी मारून तो पुढच्या दारी जातो. त्याच्या अंगातली विद्या वापरायला त्याला वेळच मिळत नाही.

जाळी तुम्ही धुतलीत तर त्याची विद्या बुडत नाही. बुडते ती तुमच्या अज्ञानावर चालणारी मिळकत. आणि ती बहुतांशी त्याच्या खिशात जातच नाही, मधल्या ठेकेदाराच्या जाते. तेव्हा त्याला बोलवाल तेव्हा खऱ्या कामासाठी बोलवा आणि त्याचे पुरे दाम द्या. 'गॅस भरला का?' असे न विचारता 'गळती सापडली का?' असे विचारा. नळी जोडल्यावर नायट्रोजनचा दाब देऊन पाहिला का, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा काढली का, गॅस तोलून भरला का, हे विचारा. या तीन गोष्टींना तास-दोन तास लागतात. ज्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक आहे, तोच त्या दोन तासांचे पैसे कुरकुर न करता देतो. जाणते गिऱ्हाईक हे चांगल्या कारागिराचे सर्वांत मोठे पाठबळ आहे, असा आमचा अनुभव आहे. मुलाला पाणी विचारा, आणि 'ए मेकॅनिक' म्हणण्याऐवजी नाव विचारून हाक मारा, हेही जाता जाता सांगतो.

राहिला छज्जा. बांधणाऱ्याने घराला संगमरवरी फरशी दिली, पण बाहेरचे यंत्र ठेवायला आणि माणसाला उभे राहायला जागा दिली नाही, अशा इमारती आपल्या डोळ्यांसमोर शेकड्यांनी आहेत. यंत्र लोखंडी कंसांवर भिंतीबाहेर लटकते. तो मुलगा खिडकीतून बाहेर पडतो. एक पाय छज्जावर, एक हात गजाला. आमच्याच भागात अशा कामावर एक जण सहाव्या मजल्यावरून पडला. नुकसानभरपाई मागायला गेलो तेव्हा कंपनी म्हणाली, तो आमचा नोकर नव्हे. ठेकेदार म्हणाला, त्याने पट्टा मागितला नाही. सोसायटी म्हणाली, घरमालकाला विचारा. घरमालक म्हणाले, आम्ही तर फक्त फोन केला. चौघेही आपापल्या परीने खरे बोलत होते.

म्हणून आपापल्या सोसायटीच्या पुढच्या सभेत एवढा ठराव मांडा. प्रत्येक बाहेरच्या यंत्राजवळ, इमारतीच्या सांगाड्यात पक्का रोवलेला, इंजिनिअरकडून तपासून घेतलेला कडा असावा. सोसायटीने पूर्ण अंगाला बसणारे दोन पट्टे आणि दोर कचेरीत ठेवावेत. आणि पट्टा कड्याला अडकविल्याशिवाय कोणी खिडकीबाहेर पाऊल टाकू नये, असा नियम दाराशी लावावा. पट्टे वापरात आले की त्यांची शिवण आणि दोराची कड दर हंगामाआधी तपासावी लागते, आणि झटका बसलेला पट्टा पुन्हा वापरीत नाहीत. नवे यंत्र घेणार असाल तर दुकानातच सांगा की, बाहेरचे खोके गॅलरीत किंवा गच्चीवर बसवायचे. तांब्याची नळी चार-सहा मीटर जास्त लागेल, तिचे वेगळे पैसे पडतील, आणि नळी लांबली की गॅसही त्या प्रमाणात तोलून घालावा लागतो. किती, ते यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत दिलेले असते.